यशाचा कर्ता कोण? : कोलकात्यातील फुटबॉलवादाची भाषा

मैदानावरचा फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. त्याविषयीचे बोलणे मात्र पुष्कळदा पिढ्यानपिढ्या चालू राहते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन क्लबांचा सामना होऊन गेल्यावर कोलकात्यातील चहाच्या दुकानांत, कचेऱ्यांत आणि घरोघरी जो वाद रंगतो तो या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. बंगालीत अशा निवांत, रंगलेल्या गप्पांना 'आड्डा' म्हणतात. मराठीतील 'अड्डा' या शब्दाला जी वाईट छटा आहे, ती या बंगाली शब्दाला नाही. उलट आड्डा हे तेथील सामाजिक जीवनाचे एक भूषणच मानले जाते.

या वादाचे विषय मुख्यतः दोन असतात. एक, आपला क्लब आणि प्रतिपक्षाचा क्लब यांतील भेद. दुसरा, आपल्या क्लबच्या प्रशिक्षकाची कर्तबगारी. वरवर पाहता हे विषय निरनिराळे वाटतात. पहिला इतिहासाचा आणि अभिमानाचा, तर दुसरा खेळाच्या तंत्राचा. परंतु या वादांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा व क्रियापदांचा विचार केला असता दोन्ही वादांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे असे दिसून येते. 'आम्ही' म्हणजे कोण, आणि जे घडले त्याचे कर्तृत्व 'आम्ही'मधील कोणाकडे जाते, हा तो प्रश्न होय. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन क्लब

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कोलकात्यात झाली. 'मोहन बागान' हे तेथील एका वाड्याचे नाव. तेच क्लबला मिळाले. २९ जुलै १९११ रोजी या क्लबने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहन बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांच्या त्या दोन गोलांना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासातही स्थान मिळाले आहे. आजही २९ जुलै हा 'मोहन बागान दिन' म्हणून पाळला जातो.

ईस्ट बंगाल क्लबचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी झाला. जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात पूर्व बंगालमधील खेळाडूला वगळले, त्यावरून त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी राजीनामा दिला आणि समविचारी मंडळींसह नवा क्लब काढला, अशी त्याची जन्मकथा आहे. या दोन क्लबांचा साखळी स्पर्धेतील पहिला सामना २८ मे १९२५ रोजी झाला व तो ईस्ट बंगालने १-० असा जिंकला. मोहन बागानचे रंग हिरवा आणि तपकिरी लाल, चिन्ह शिडाची नौका. ईस्ट बंगालचे रंग लाल आणि पिवळा, चिन्ह पेटती मशाल.

देशाच्या फाळणीनंतर या स्पर्धेला वेगळा अर्थ प्राप्त झाला. १९४७ पासून पूर्व बंगालमधील लक्षावधी हिंदू निर्वासित कोलकात्यात येऊन राहिले. घर, जमीन आणि गाव गमावलेल्या या लोकांना नव्या शहरात आपल्या प्रदेशाचे नाव धारण करणारी एक संस्था आयती मिळाली. पुढे 'पूर्व बंगाल' हे नाव राजकीय नकाशावरूनही गेले. १९५५ साली त्या प्रांताचे नाव 'पूर्व पाकिस्तान' झाले आणि १९७१ साली तेथे बांगलादेश हे राष्ट्र उदयास आले. ज्या प्रदेशाचा नामनिर्देश व्हावयाचा तो प्रदेश त्या नावाने उरला नाही. क्लबच्या रूपाने नाव मात्र उरले. निर्वासितांच्या दृष्टीने क्लबचे महत्त्व काय होते ते यावरून समजते.

२. 'घोटी' आणि 'बाङाल'

मोहन बागानचा चाहता म्हणजे 'घोटी' आणि ईस्ट बंगालचा चाहता म्हणजे 'बाङाल', असे समीकरण कोलकात्यात रूढ आहे. 'घोटी' हा शब्द एरवी पाण्याच्या लहान भांड्याचे नाव आहे. माणसाच्या संदर्भात तो पश्चिम बंगालमधील मूळ रहिवाशाला लावतात. नाशिक जिल्ह्यातील घोटी या गावाशी, किंवा देशावरील माणसाला मुंबईत लावल्या जाणाऱ्या 'घाटी' या संबोधनाशी त्याचा काही संबंध नाही. 'बाङाल' म्हणजे पूर्व बंगालमधून आलेला माणूस. यातील ङ 'वाङ्मय' शब्दातील ङ-प्रमाणे उच्चारावयाचा. दोन्ही शब्द प्रथम दुसऱ्यांनी चिडवण्यासाठी वापरले, आणि नंतर ज्यांना उद्देशून ते वापरले जात त्यांनीच ते अभिमानाने स्वीकारले. समूहवाचक नावांच्या इतिहासात ही घटना विरळा नाही.

या शब्दांमागे एक खरा बोलीभेद होता. कोलकाता व नदिया परिसरातील बोलीवर आधुनिक प्रमाण बंगाली उभी राहिली. पूर्वेकडील बोली तिच्याहून अनेक बाबतींत भिन्न आहेत. प्रमाण बंगालीत 'आज रात्रे जाबो' (आज रात्री जाईन) असे म्हणावयाचे तेथे पूर्वेकडील माणूस 'आइज राइते जामु' असे म्हणेल. 'आज'चे 'आइज', 'काल'चे 'काइल', 'रात'चे 'राइत' होणे, म्हणजे पुढील इकार आधीच्या अक्षरात उच्चारला जाणे, याला बंगाली व्याकरणात 'अपिनिहिति' म्हणतात. प्रथमपुरुषी भविष्यकाळाचे 'जाबो', 'कोरबो' हे प्रत्यय पूर्वेकडे 'जामु', 'करुम' असे आढळतात. अनुनासिक स्वरांचे अनुनासिकत्व जाते. 'चाँद'चा 'चाद' होतो. शब्दारंभीच्या 'श'चा पुष्कळ ठिकाणी 'ह' होतो.

मराठी वाचकाला विशेष वाटावा असा भेद च आणि ज यांच्या उच्चारांत आहे. प्रमाण बंगालीत हे वर्ण तालव्य आहेत. पूर्वेकडे ते दंततालव्य होतात, म्हणजे आपल्या 'चाक' आणि 'जाळे' या शब्दांतील च-ज यांच्या जवळ जातात. मराठीत हे दोन्ही प्रकारचे उच्चार एकाच भाषेत सुखाने नांदतात. कोलकात्यात मात्र एवढ्या उच्चारावरून माणसाचे गाव ओळखले जाई आणि त्याची थट्टाही होई. आपल्याकडेही उच्चारावरून कोकण्या-देशावरच्याची पारख होते. तथापि आपला गाव सुटून, परक्या शहरात, निर्वासित म्हणून अशी थट्टा सोसावी लागणे ही निराळी गोष्ट आहे. ईस्ट बंगालचा विजय हा अशा माणसाच्या तोंडी एक उत्तर होता.

खाद्यपदार्थांतही हाच भेद प्रतीकरूपाने दिसतो. ईस्ट बंगाल जिंकला की 'इलिश' मासा आणि मोहन बागान जिंकला की 'चिंगडी', म्हणजे कोळंबी, घरी आणावयाची असा रिवाज आहे.

३. बोली विरली, नावे टिकली

ज्या बोलीभेदावर ही नावे आधारलेली होती तो आज कितपत उरला आहे? निर्वासितांची मुले आणि नातवंडे कोलकात्याच्या शाळांत शिकली व प्रमाण बंगाली बोलू लागली. आजोबांची 'जामु' ही रूपे नातवाला समजतात, परंतु तो ती क्वचितच, बहुधा विनोदाने किंवा सामन्याच्या दिवशी मुद्दाम, वापरतो. आंतरविवाहही पुष्कळ झाले. असे असूनही 'घोटी' आणि 'बाङाल' हे शब्द मागे पडले नाहीत. त्यांचा अर्थ सरकला. पूर्वी 'तो बाङाल आहे, म्हणून ईस्ट बंगालचा' असे अनुमान होते; आता पुष्कळदा 'तो ईस्ट बंगालचा आहे, म्हणून बाङाल' असे उलट अनुमान चालते. कारणाच्या जागी कार्य आले आणि शब्द मात्र तोच राहिला.

वस्तुतः हा संबंध आरंभीही तितका काटेकोर नव्हता. १९११ सालच्या मोहन बागान संघातील अनेक खेळाडूंची मूळ गावे पूर्व बंगालमध्येच होती. उलट ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी ज्यांना 'पंचपांडव' म्हणून डोक्यावर घेतले ते आघाडीचे पाच खेळाडू, म्हणजे व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह, यांतील एकही बंगाली नव्हता. ते दक्षिणेकडून आलेले होते. या संघाने १९४९ साली कोलकाता लीग, आय. एफ. ए. शील्ड आणि मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. निर्वासितांच्या स्वाभिमानाचा भार अशा प्रकारे ज्यांना बंगाली ही परकी भाषा होती त्यांच्या पायांवर आला होता. क्लबच्या नावाने जो समूह सूचित होतो तो आणि क्लबसाठी जो खेळतो तो समूह, हे दोन वेगळे असू शकतात. 'आम्ही' या शब्दाचा पुढे जो विचार करावयाचा आहे त्याचे बीज येथे आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमी आणि पेठा यांभोवती वाढले. पाटाकडील तालीम मंडळ किंवा खंडोबा तालीम मंडळ ही नावे उच्चारताच शहरातील विशिष्ट जागा डोळ्यांपुढे येते, आणि ती जागा आजही तेथेच आहे. तेथील चुरशीलाही धार आहे. परंतु ज्या भूमीत परत जाता येत नाही अशा भूमीचे नाव तेथील कोणा संघाला वाहावे लागले नाही. कोलकात्यातील वादाच्या भावनिक ताणाचे कारण या फरकात शोधावे लागेल.

४. कर्ता आणि हेतू

आता दुसऱ्या विषयाकडे, प्रशिक्षकाविषयीच्या वादाकडे वळू. इंग्लंडमध्ये संघाच्या प्रमुखास 'मॅनेजर' म्हणतात. संघ निवडणे, खेळाडू घेणे-सोडणे आणि डावपेच आखणे या तिन्ही गोष्टींत परंपरेने त्याचा शब्द मोठा असे. कोलकात्यात त्याच्या जागी असणारा माणूस 'कोच' या नावाने ओळखला जातो. तेथील परंपरेत खेळाडू आणणे हे काम कोचचे नसून क्लबच्या पदाधिकाऱ्यांचे मानले जाई. खेळाडूंनी एका क्लबमधून दुसऱ्यात जाण्याचा जो हंगाम असे त्याला 'दलबदल' म्हणत. त्या दिवसांत हवा असलेला खेळाडू प्रतिपक्षाच्या हाती लागू नये म्हणून त्याला दडवून ठेवण्यापर्यंत मजल जाई. या पदाधिकाऱ्यांना बंगाली वृत्तपत्रे 'क्लबकर्ता' किंवा नुसतेच 'कर्ता' म्हणतात. म्हणजे 'कर्ता कोण?' हा व्याकरणातील प्रश्न कोलकात्याच्या मैदानावर शब्दशः विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर चाहते क्रियापदांच्या निवडीतून देतात. बंगालीत 'जेता' म्हणजे जिंकणे आणि 'हारा' म्हणजे हरणे. यांची प्रयोजक रूपे 'जेतानो' (जिंकवणे) आणि 'हारानो' (हरवणे) अशी आहेत. 'डोबा' म्हणजे बुडणे, 'डोबानो' म्हणजे बुडवणे. एकाच सामन्याचे वर्णन तीन प्रकारे करता येते: 'आम्ही जिंकलो', 'अमुक खेळाडूने आम्हाला जिंकवले', 'कोचने आम्हाला जिंकवले'. मराठीत 'जिंकवणे' हे रूप 'जिंकून देणे' याच्या मानाने कमी वापरले जाते. बंगालीत मात्र 'जेतानो' हे क्रीडावृत्तांतातील नित्याचे क्रियापद आहे. पराभवाच्या वेळी मराठी माणूस 'सामना घालवला' म्हणतो, बंगाली माणूस 'डुबवले' म्हणतो. दोन्हींत कोणीतरी घालवणारा किंवा बुडवणारा गृहीत धरलेला असतो.

प्रयोजक क्रियेच्या या स्वरूपाचे विवेचन भारतीय व्याकरणात फार पूर्वी झालेले आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनीने सांगितले आणि त्या कर्त्याला जो प्रवृत्त करतो त्याला 'हेतू' ही संज्ञा देऊन त्यालाही कर्ता म्हटले. शिष्य वाचतो, गुरू वाचवून घेतो. वाचण्याची क्रिया शिष्याची, तिचा हेतू गुरू. कोच हा या अर्थाने हेतू होय. तो चेंडूला स्पर्श करीत नाही, रेषेबाहेर उभा असतो. तरीही घडलेल्या क्रियेचा तो प्रयोजक मानला जातो. त्याच्या कामगिरीविषयीचा सगळा वाद म्हणजे हेतूचा वाटा किती आणि स्वतंत्र कर्त्याचा किती, याची विभागणी होय. कोचचे पाठीराखे पराभवानंतर म्हणतात की क्लबकर्त्यांनी त्याला खेळाडूच दिले नाहीत. विजयानंतर त्याचे विरोधक म्हणतात की असे खेळाडू मिळाल्यावर कोणीही जिंकेल. दोन्ही पक्ष एकाच व्याकरणाचा आधार घेतात. फक्त प्रयोजकाची जागा कोणाला द्यावयाची याविषयी त्यांचा मतभेद असतो.

५. दोन प्रशिक्षक

या वादाला सर्वांत ठळक रूप आले ते प्रदीपकुमार बॅनर्जी आणि अमल दत्त या दोन प्रशिक्षकांमुळे. 'पी. के.' या नावाने सर्वपरिचित असलेले बॅनर्जी (१९३६–२०२०) १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार होते आणि १९६२ सालच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात खेळले होते. अमल दत्त (१९३०–२०१६) यांनी इंग्लंडमध्ये जाऊन प्रशिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि भारतात पूर्ण वेळ प्रशिक्षकाचा व्यवसाय पत्करणाऱ्यांत ते अग्रणी ठरले. दोघांनीही वेगवेगळ्या काळी दोन्ही क्लबांना शिकवले.

पी. के. यांच्या प्रशिक्षणाखाली ईस्ट बंगालने ३० सप्टेंबर १९७५ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० असा पराभव केला. पुढच्याच वर्षी ते मोहन बागानकडे गेले. १९७७ साली त्यांच्या संघाने पेले ज्यात खेळत होते त्या कॉसमॉस संघाशी ईडन गार्डन्सवर २-२ अशी बरोबरी केली, आणि त्याच हंगामात शील्ड, रोव्हर्स व ड्युरँड या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. 'हेतू'च्या महत्त्वाची याहून चांगली परीक्षा कोणती, असे पी. के. यांचे पाठीराखे विचारीत. कोचबरोबर खेळाडूही दलबदलात इकडचे तिकडे होतात, मग यश कोचचे कसे, असे विरोधकांचे उत्तर असे. या वादाचा निकाल लागणे शक्यच नव्हते, कारण दोन्ही घटक एकाच वेळी बदलत होते.

सामन्यापूर्वी आणि मध्यंतरात खेळाडूंना स्फुरण देणारी पी. के. यांची भाषणे 'व्होकल टॉनिक' या नावाने प्रसिद्ध झाली. अमल दत्त यांचे नाव १९९७ साली त्यांनी मोहन बागानमध्ये आणलेल्या 'डायमंड' व्यूहाशी जोडले गेले. फेडरेशन चषक स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व सामन्यात या व्यूहाने गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा धुव्वा उडवला. १३ जुलै १९९७ रोजीच्या उपान्त्य सामन्यात मोहन बागानसमोर ईस्ट बंगाल होता, आणि त्याचे प्रशिक्षक होते पी. के. सॉल्ट लेक येथील मैदानात सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक जमले होते. ईस्ट बंगालने ४-१ असा विजय मिळवला. त्यांपैकी तीन गोल भाईचुंग भुतिया याने केले.

या सामन्याचा भाषिक भाग सामन्यापूर्वीच घडला होता. अमल दत्त यांनी वृत्तपत्रांशी बोलताना प्रतिपक्षाच्या खेळाडूंच्या नावांची थट्टा केली: भाईचुंगला 'चुंग चुंग', ओमोलोला 'ऑमलेट' आणि सोसोला 'शोशा', म्हणजे काकडी, म्हटले. नावातील ध्वनी घेऊन त्यातून क्षुद्र वस्तू सुचवणे ही थट्टेची जुनी रीत आहे. मात्र येथे तिघेही खेळाडू बंगालबाहेरचे होते. एक सिक्कीमचा, दोघे आफ्रिकेतील. पूर्वी 'बाङाल' उच्चारावर जो हास्याचा रोख होता तोच आता परक्या नावांवर वळला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सामन्यानंतर ईस्ट बंगालचे चाहते म्हणू लागले की हे शब्दच भाईचुंगच्या पायांत शिरले. अर्थात या वाक्यात विजयाचा हेतू पी. के. नसून प्रतिपक्षाचा प्रशिक्षक ठरतो. त्यामुळे एकाच निकालाला चार प्रयोजक मिळाले: पी. के. यांचे टॉनिक, दत्त यांची जीभ, डायमंडमधील उणीव आणि भाईचुंगची स्वतःची कर्तबगारी. आजही त्या सामन्याची आठवण निघाली की हे चारही कर्ते आपापला हक्क सांगतात.

६. 'आमरा'चा अर्थ

१९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा संघ जिंकल्यावर विद्यार्थी त्याविषयी बोलताना 'आम्ही' हे सर्वनाम अधिक वापरतात आणि हरल्यावर कमी वापरतात, असे त्यात आढळले. विजयाच्या प्रकाशात उभे राहावे आणि पराभवाच्या छायेतून दूर सरावे, असा हा स्वभाव होय.

कोलकात्याच्या चाहत्याला दूर सरण्याची ही वाट सहजासहजी उपलब्ध नाही. ज्या माणसाचे 'बाङाल'पण किंवा 'घोटी'पण क्लबशी बांधलेले आहे, त्याला हरल्याच्या दिवशी 'ते हरले' असे म्हणणे म्हणजे स्वतःला घराबाहेर काढणे होय. 'आमरा', म्हणजे 'आम्ही', हे सर्वनाम त्याला सोडता येत नाही. मग पराभवाचे काय करावयाचे? येथे कोच उपयोगी पडतो. 'आम्ही हरलो' याऐवजी 'कोचने डुबवले' असे म्हटले की सर्वनाम शाबूत राहते आणि दोष तेवढा बाहेर जातो. कोच हा 'आम्ही'च्या सीमेवर उभा असलेला माणूस आहे. विजयात त्याला आत घेता येते, पराभवात बाहेर ढकलता येते. आणि तो बहुधा बाहेरून आलेला असल्यामुळे असे करताना कोणाच्या जिवाला फारसे लागत नाही. अलीकडे दोन्ही क्लबांचे प्रशिक्षक पुष्कळदा परदेशी असतात, त्यामुळे हे काम अधिकच सोपे झाले आहे. जानेवारी २०२४ मध्ये कार्लेस क्वाद्रात यांच्या प्रशिक्षणाखाली ईस्ट बंगालने सुपर कप जिंकला. पुढच्या हंगामात लीगचे पहिले तिन्ही सामने हरताच सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस त्यांना पद सोडावे लागले. आठ महिन्यांत प्रयोजक तोच राहिला, क्रियापद मात्र 'जिंकवणे'चे 'बुडवणे' झाले.

हे सीमारक्षण सफल झाले नाही म्हणजे काय होते, तेही कोलकात्याने पाहिले आहे. १९७५ सालच्या त्या ५-० अशा पराभवानंतर मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांचा लीग सामना चालू असताना प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत १६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १६ ऑगस्टला रक्तदान केले जाते. प्रशिक्षकाला दिलेल्या शिव्या अशोभनीय असतील. परंतु पराभवाचा दोष एका माणसावर जाऊन थांबणे आणि समोरच्या सबंध समूहावर जाऊन आदळणे यांत जे अंतर आहे ते या दोन तारखांवरून कळते.

येथे मराठी आणि बंगाली यांतील एका भेदाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला सामावून घेऊन 'आपण'. बंगालीत 'आमरा' हे एकच सर्वनाम दोन्ही अर्थांनी येते. 'आमरा जितेछि' हे वाक्य ईस्ट बंगालचा चाहता आपल्या सोबत्याला म्हणाला तर त्याचे मराठी 'आपण जिंकलो' असे होईल. तेच तो मोहन बागानच्या शेजाऱ्याला म्हणाला तर 'आम्ही जिंकलो' असे होईल. मराठी बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी ही निवड करावीच लागते. बंगालीत ती ऐकणाऱ्याने प्रसंगावरून करावयाची असते.

७. नावाचा आग्रह

प्रशिक्षक बदलतो, खेळाडू बदलतात. बदललेले चालत नाही ते नाव. २०२० साली मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या व्यावसायिक क्लबच्या मालकांशी जोडला गेला आणि संघ 'एटीके मोहन बागान' या नावाने खेळू लागला. इंडियन सुपर लीगमधील या दोन प्रतिस्पर्ध्यांचा पहिला सामना २७ नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यात, वास्को येथील टिळक मैदानावर, महामारीमुळे प्रेक्षकांविना झाला. संघ जिंकला, पण नावाच्या आधी लागलेल्या तीन अक्षरांविरुद्ध मोहन बागानच्या चाहत्यांनी चालवलेली चळवळ थांबली नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यातच, फातोर्डा येथे, संघाने लीगचे विजेतेपद मिळवल्यावर मालकांनी ही अक्षरे काढून टाकण्याचे जाहीर केले आणि त्या वर्षाच्या जूनपासून संघ 'मोहन बागान सुपर जायंट' झाला. यशामुळे नावाचा प्रश्न गौण ठरेल अशी अपेक्षा कोणी केली असल्यास ती फोल ठरली. यशाचा कर्ता कोणीही असो, ते यश कोणाच्या खाती जमा व्हावयाचे हे नावावरून ठरते, आणि चाहत्याच्या दृष्टीने तोच मुख्य मुद्दा असतो.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी ड्युरँड चषक स्पर्धेत हे दोन संघ पुन्हा समोरासमोर यावयाचे होते. त्या महिन्याच्या ९ तारखेला कोलकात्यातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका तरुण स्त्री डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली होती आणि सारे शहर क्षुब्ध होते. बंदोबस्ताच्या कारणास्तव सामना रद्द करण्यात आला. त्या संध्याकाळी सामना नसतानाही सॉल्ट लेकच्या मैदानाबाहेर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांचेही चाहते एकत्र जमले. १८९१ साली स्थापन झालेल्या मोहमेडन स्पोर्टिंगचे चाहतेही त्यांत होते. लाल-पिवळे आणि हिरवे-तपकिरी झेंडे एकमेकांशेजारी होते आणि न्यायाची मागणी एकमुखाने होत होती. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्रच सोसल्या.

त्या दिवशी कोणी घोटीपण किंवा बाङालपण सोडून दिले नव्हते. प्रत्येक जण आपापल्या रंगांनिशीच आला होता. दोन्ही नावे जागच्या जागी राहून त्यांच्यावर एक व्यापक समूह उभा राहिला. बंगालीत त्या समूहाचे सर्वनाम नेहमीचेच, 'आमरा', होते. शब्दाच्या रूपात काहीच बदल झाला नाही. कोणाला आत घ्यावयाचे एवढेच बदलले. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र एरवीचे 'आम्ही' त्या संध्याकाळपुरते टाकून 'आपण' हेच सर्वनाम योजावे लागेल.

पुढील हंगामात सामने पूर्ववत सुरू झाले, आणि कोणत्या प्रशिक्षकाने काय बिघडवले याची चर्चाही सुरू झाली. तिला क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. कर्ता, हेतू आणि सर्वनाम यांचे जे व्यवहार व्याकरणग्रंथांत नियमांच्या रूपाने आढळतात, ते येथे माणसांच्या अभिमानाशी, दुःखाशी आणि एकमेकांविषयीच्या ओळखीशी जोडलेले प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. भाषेच्या अभ्यासकाने चहाच्या दुकानातील या वादाकडे तेवढ्याच गंभीरपणे लक्ष द्यावयास हवे.